साभार परत, सोबत दरपत्रक
हार्लेक्विन होरायझन्स, नोव्हेंबर २००९: एक प्रकरण अभ्यास

१७ नोव्हेंबर २००९ रोजी टोरांटो येथील हार्लेक्विन एंटरप्रायझेस या प्रेमकादंबऱ्यांच्या प्रकाशनसंस्थेने ‘हार्लेक्विन होरायझन्स’ हा नवा विभाग जाहीर केला. या विभागात पुस्तक काढण्याचा खर्च लेखकाने सोसायचा होता. प्रत्यक्ष काम अमेरिकेतील ब्लूमिंग्टन येथील ऑथर सोल्यूशन्स ही कंपनी करणार होती, आणि लेखकाच्या पैशाने पुस्तके छापून देणे हाच तिचा मुख्य व्यवसाय होता. पुस्तकाचे दर ५९९ डॉलरपासून सुरू होऊन संपादन, जाहिरात वगैरे सेवा जोडत गेल्यास बरेच वर जात. विक्रीतून खर्च वजा जाता उरणाऱ्या रकमेचा निम्मा वाटा लेखकाला देऊ केला होता. इथपर्यंत नवे काहीच नव्हते. अशा सोयी तेव्हाही पुष्कळ होत्या. वादाला कारण झाल्या त्या दोन गोष्टी. एक म्हणजे या विभागाला दिलेले ‘हार्लेक्विन’ हे नाव. दुसरी अशी की, मुख्य संस्थेने नाकारलेल्या लेखकांना पाठवायच्या नकारपत्रातच या सशुल्क विभागाचा उल्लेख केला जाणार होता, आणि तिथे खपलेल्या पुस्तकांवर मुख्य संस्थेची नजर राहील, असेही सांगण्यात आले होते.

मराठीत नियतकालिकांना लेखन पाठवणाऱ्या पिढ्यांना ‘साभार परत’ हे दोन शब्द चांगले ठाऊक आहेत. स्वतःच्या हाताने पत्ता लिहिलेले आणि स्वतःच्या पैशाने तिकीट लावलेले पाकीट पोस्टमन परत आणून देई, आणि ते हाती घेताच जाडीवरून आत काय आहे हे उमगे. त्या पाकिटात हस्तलिखिताच्या जोडीला दरपत्रकही निघाले असते तर लेखकाला काय वाटले असते, याची कल्पना केली की या प्रकरणाचा गाभा हाती येतो.

पुढचा घटनाक्रम थोडक्यात सांगता येतो. दोन-तीन दिवसांत लेखकांच्या तीन मोठ्या अमेरिकी संघटनांनी निषेध केला, संस्थेने विभागाचे नाव बदलण्याचे कबूल केले, आणि लवकरच ‘डेलआर्ते प्रेस’ हे नवे नाव आले. या दोन्ही नावांमागे एकच पात्र उभे आहे. त्या पात्राचा पूर्वेतिहास तपासल्याखेरीज हे प्रकरण एका फसलेल्या व्यापारी निर्णयापलीकडे समजत नाही, असे माझे मत आहे.

नावामागचा लबाड

हार्लेक्विन म्हणजे इटालियन रंगभूमीवरचा आर्लेकीनो. अंगात ठिगळांचा अंगरखा, चेहऱ्यावर काळा मुखवटा, कमरेला लाकडी फळी आणि पोटात कायमची भूक घेऊन वावरणारा हा नोकर आहे. ‘कॉमेडिया देल आर्ते’ या परंपरेत संवाद लिहून दिलेले नसत. कथेचा सांगाडा ठरलेला असे आणि बाकीचे नट रंगमंचावर उभ्या उभ्या रचत. पँतालोने हा व्हेनिसचा म्हातारा आणि चिक्कू व्यापारी, कपितानो हा बढाईखोर शिपाईगडी, एक तरुण प्रेमी जोडपे आणि नोकरचाकर अशी ठरलेली पात्रे असत. श्रीमंत म्हातारा प्रेमात आडवा येतो आणि नोकर त्याला बनवतो, एवढ्यावर शेकडो प्रयोग चालले. आपल्याकडे वगातला सोंगाड्या राजाच्या तोंडावर त्याची फिरकी घेतो, तेव्हा प्रेक्षक ज्या बाजूने हसतो त्याच बाजूने इटालियन प्रेक्षकही हसत होता.

नावाचे मूळ मात्र याहून अंधारे आहे. बाराव्या शतकात ऑर्डेरिक व्हायटॅलिस या मठवासी इतिहासकाराने नॉर्मंडीतील एका पाद्र्याला १०९१ च्या जानेवारीत रात्री दिसलेल्या मृतांच्या मिरवणुकीचे वर्णन केले आहे. ही मिरवणूक ‘हेर्लेकिनच्या परिवारा’ची म्हणून ओळखली जात होती. फ्रान्समधील लोककथांतला हा सैतानी म्होरक्या आणि रंगमंचावरचा भुकेला नोकर यांची गाठ सोळाव्या शतकाच्या अखेरीस पडली, आणि ती घालून देण्याचे श्रेय सामान्यतः मांतुआच्या त्रिस्तानो मार्तिनेल्ली या नटाला दिले जाते.

मार्तिनेल्लीची एक लबाडी या अभ्यासात फार उपयोगी पडते, म्हणून ती जवळून पाहू. १६०१ च्या सुमारास फ्रान्समधील ल्यों शहरात असताना त्याने ‘डॉन आर्लेकिन’ यांच्या वक्तृत्वपूर्ण रचनांचे म्हणून एक पुस्तक काढले. ते राजा चौथा हेन्री याला अर्पण केलेले होते. प्रकाशनस्थळ म्हणून ‘जगाच्या टोकापलीकडे’ असे छापले होते. पुस्तक सत्तर पानांचे, आणि त्यातली एकोणसाठ पाने कोरी. उरलेल्या पानांवर काही चित्रे आणि राजाकडे सोन्याची साखळी व पदक मागणारा विनोदी मजकूर होता. म्हणजे या पात्राच्या नावाने निघालेले हे पुस्तक स्वतःच एक थाप होती. पण तिची दिशा ध्यानात घेण्याजोगी आहे. कोरी पाने विकणारा नट गरीब होता आणि ती ज्याच्या गळ्यात मारली तो फ्रान्सचा राजा होता. शिवाय आपल्याला बनवले जात आहे हे राजालाही दिसत होते, आणि त्या दिसण्यातच करमणूक होती.

पुढे हे पात्र इंग्लंडात गेले. १७१७ पासून लंडनमध्ये जॉन रिच याने हार्लेक्विनचे मूकनाट्य लोकप्रिय केले आणि तिथे त्याची भूमिका बदलली. प्रेमिकांना मदत करणारा नोकर आता स्वतःच प्रेमिक झाला. प्रेयसी कोलंबाइनला घेऊन तो पळतो, तिचा बाप पँटालून पाठलाग करतो, आणि हार्लेक्विनची फळी आपटली की घराची बाग होते, दुकानाचा तुरुंग होतो. (‘स्लॅपस्टिक’ हा शब्द या फळीच्या जातीतूनच आला.) प्रेम, पाठलाग, वेषांतर आणि अखेरीस मीलन, हा साचा इथे पक्का झाला. विसाव्या शतकात अगाथा ख्रिस्तीने १९३० च्या कथासंग्रहात हार्ली क्विन हे गूढ पात्र प्रेमिकांचा पाठीराखा म्हणून उभे केले, तर १९९२ मध्ये बॅटमनच्या चित्रमालिकेत हार्ली क्विन नावाचीच एक स्त्री खलनायकाची प्रेयसी म्हणून अवतरली. ठिगळांच्या अंगरख्यातून पुढे शंकरपाळ्यांची नक्षी झाली, आणि तीच नक्षी एका कागदी बांधणीच्या पुस्तकावर येऊन बसली.

उसन्या कपड्यांतली संस्था

हार्लेक्विन ही संस्था १९४९ मध्ये कॅनडातील विनिपेग येथे स्थापन झाली, तेव्हा तिचा प्रेमकादंबऱ्यांशी विशेष संबंध नव्हता. इतरत्र आधी निघालेली पुस्तके स्वस्त कागदी आवृत्तीत पुन्हा छापणे एवढेच तिचे काम होते. त्यात रहस्यकथा होत्या, पश्चिमेकडच्या गोळीबाराच्या कथा होत्या, अगाथा ख्रिस्ती आणि कॉनन डॉयलही होते. संस्थापकांपैकी रिचर्ड बॉनीकॅसल हे हडसन्स बे कंपनीत काम केलेले गृहस्थ. पुस्तकांची पारख मात्र त्यांच्या पत्नी मेरी बॉनीकॅसल यांना होती. ब्रिटनमधील मिल्स अँड बून या संस्थेच्या डॉक्टर-परिचारिकांच्या प्रेमकथा खपतात हे हेरले गेले, आणि १९५७ पासून त्या कथा हार्लेक्विनच्या वेष्टनात कॅनडात येऊ लागल्या. १९६४ पर्यंत संस्था केवळ प्रेमकथा काढू लागली होती.

हा सौदा दोन्ही बाजूंना वेळेवर लाभला. १९०८ मध्ये स्थापन झालेली मिल्स अँड बून अनेक दशके ब्रिटनमधील भाड्याने पुस्तके देणाऱ्या वाचनालयांवर जगत होती. तिच्या तपकिरी बांधणीमुळे वाचक ‘ती तपकिरी पुस्तके द्या’ असे मागत. ही वाचनालये युद्धानंतर ओसरली, डब्ल्यू. एच. स्मिथचे वाचनालय १९६१ मध्ये आणि बूट्सचे १९६६ मध्ये बंद झाले. कागदी आवृत्तीचा परदेशी मार्ग नसता तर मिल्स अँड बूनचे काय झाले असते, हा प्रश्न फार ताणण्याची गरज नाही, कारण १९७१ मध्ये हार्लेक्विनने ती संस्थाच विकत घेतली. गंमत अशी की, ब्रिटनमध्ये वाचनालये मिटत असताना मुंबई-पुण्याकडच्या सर्क्युलेटिंग लायब्ररींत हीच पुस्तके भाड्याने फिरत राहिली. त्यांच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने केलेल्या बारीक खुणा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना त्यांचा अर्थ ठाऊक असेल: नावे आणि मुखपृष्ठे इतकी सारखी की आपण हे वाचले आहे की नाही हे कळण्यासाठी प्रत्येक वाचिका आपली खूण ठेवून देई.

त्या पेन्सिलीच्या खुणेत संस्थेचे सारे विक्रीशास्त्र सामावलेले आहे. १९७१ मध्ये लॉरेन्स हायसी हे प्रॉक्टर अँड गँबलमधून आलेले गृहस्थ अध्यक्ष झाले आणि त्यांनी पुस्तक साबणासारखे विकायचे ठरवले. लेखिकेच्या नावापेक्षा संस्थेचे नाव मोठे, पृष्ठसंख्या ठरलेली, दर महिन्याला ठरावीक पुस्तके, विक्री सुपरमार्केटमध्ये. वाचिकेला लेखिकेचे नाव आठवण्याची गरजच उरली नाही. शंकरपाळे दिसले की पुरे. म्हणून या व्यवसायात मुखवटा हीच मालमत्ता ठरली, आणि संस्थेने तिचे रक्षण कोर्टातही केले. १९८० मध्ये सायमन अँड शुस्टरने अमेरिकेतील वितरणाचे काम हातचे गेल्यावर ‘सिल्हूट’ ही प्रतिस्पर्धी मालिका काढली, तेव्हा तिचे मुखपृष्ठ आपल्या ‘प्रेझेंट्स’ मालिकेसारखे दिसते असा दावा हार्लेक्विनने लावला आणि १९८१ मध्ये न्यूयॉर्कमधील संघराज्य अपील न्यायालयाने तिला मिळालेला मनाई हुकूम कायम ठेवला. ठिगळांचा अंगरखा घालणाऱ्याच्या नावाने चालणाऱ्या संस्थेने दुसऱ्याने आपला अंगरखा घातला म्हणून फिर्याद करावी, यात विनोद आहे, पण कायद्याच्या दृष्टीने तिचे म्हणणे रास्त होते. तीन वर्षांनी, १९८४ मध्ये, तिने सिल्हूट विकत घेऊन प्रश्नच मिटवला.

पुस्तकांच्या आत या लबाडाचे काय झाले हेही पाहिले पाहिजे. लटकी सगाई, सोयीपुरते लग्न, ओळख लपवून घेतलेली नोकरी, वारसाहक्कासाठी केलेला करार, या साऱ्या युक्त्या आर्लेकीनोच्या पोतडीतल्याच आहेत. पण त्या करणारा नोकर कथेतून हद्दपार झाला. त्याहून मोठा बदल असा की, ज्याला बनवायचे तो श्रीमंत व्यापारी आता नायक झाला. ग्रीक जहाजमालक, इटालियन उद्योगपती, वाळवंटातला शेख हे सारे पँतालोनेचे तरुण, देखणे आणि उंच अवतार आहेत. पैशाच्या थैलीवरचा राग या कथांत उरलेला नाही. थैली आता कथेच्या शेवटी मिळणारे बक्षीस आहे. या कथांना हिणवण्याचा माझा हेतू नाही, त्यांच्या वाचिकांना त्यातली लटकी बाजू टीकाकारांपेक्षा अधिक कळते. मुद्दा एवढाच की, नोकराचे नाव धारण करणाऱ्या संस्थेच्या कल्पनाविश्वात सहानुभूती मालकाकडे सरकलेली होती.

ते काही दिवस

२००९ ची परिस्थिती अशी होती. आदल्या वर्षीच्या आर्थिक पडझडीने प्रकाशनव्यवसाय धास्तावला होता, किंडल हे ई-पुस्तके वाचण्याचे उपकरण बाजारात येऊन दोन वर्षे झाली होती, आणि लेखकाने खर्च करून काढलेल्या पुस्तकांची संख्या वेगाने वाढत होती. ख्रिस्ती धार्मिक पुस्तके काढणाऱ्या थॉमस नेल्सन या अमेरिकी संस्थेने ऑथर सोल्यूशन्सशी हातमिळवणी करून असाच विभाग नुकताच काढला होता. हार्लेक्विनकडे तर दरवर्षी नवोदितांच्या हस्तलिखितांचा ढीग येत असे, कारण अनाहूत हस्तलिखिते वाचणाऱ्या थोड्या मोठ्या संस्थांपैकी ती एक होती. नाकारलेल्या हस्तलिखितांचा हा ढीग म्हणजे न विकला गेलेला माल, असा विचार कोणा व्यवस्थापकाच्या मनात आला असल्यास त्यात नवल नाही. त्याच महिन्याच्या सुरुवातीला संस्थेने ‘करीना प्रेस’ ही केवळ ई-पुस्तके काढणारी शाखाही जाहीर केली होती. तिथे लेखकाला आगाऊ रक्कम नव्हती, पण त्याच्याकडून पैसेही घेतले जाणार नव्हते आणि निवड संपादक करणार होते. तिच्याविरुद्ध असा गदारोळ झाला नाही. दोन्ही घोषणा एकाच संस्थेच्या आणि एकाच महिन्यातल्या असल्यामुळे, लेखकांचा रोष नव्या तंत्रावर नव्हता हे स्पष्ट दिसते.

रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका ही १९८० मध्ये स्थापन झालेली संघटना प्रथम उठली. लेखकाकडून पैसे घेणाऱ्या प्रकाशकाला आपल्या वार्षिक अधिवेशनात मान्यताप्राप्त प्रकाशकाच्या सवलती द्यायच्या नाहीत असा तिचा नियम होता, आणि तो तिने आपल्या क्षेत्रातल्या सर्वांत मोठ्या प्रकाशकाला लावला. या निर्णयाचे मोल कमी लेखू नये. त्या संघटनेच्या असंख्य सभासद हार्लेक्विनच्या लेखिका होत्या, आणि अधिवेशनात हार्लेक्विनच्या संपादकांची भेट मिळावी म्हणून नवोदित मंडळी पैसे साठवून येत. स्वतःच्या सभासदांचे नुकसान पत्करून नियम पाळणारी संघटना रोज दिसत नाही. पाठोपाठ सायन्स फिक्शन अँड फँटसी रायटर्स ऑफ अमेरिकाने हार्लेक्विनची पुस्तके सभासदत्वासाठी ग्राह्य धरणार नसल्याचे सांगितले, आणि मिस्टरी रायटर्स ऑफ अमेरिकाने डिसेंबरच्या सुरुवातीस संस्थेला व तिच्या सर्व उपशाखांना मान्यताप्राप्त प्रकाशकांच्या यादीतून काढले. यात निरपराधांनाही झळ बसली. मीरा किंवा लूना या उपशाखांतून रीतसर मानधन घेऊन पुस्तके लिहिणाऱ्यांचा होरायझन्सशी काडीचाही संबंध नव्हता, तरी त्यांच्या पुढच्या पुस्तकांच्या पुरस्कारपात्रतेवर टांगती तलवार आली.

संस्थेच्या प्रमुख डॉना हेज यांनी रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिकाच्या भूमिकेबद्दल आश्चर्य आणि नाराजी व्यक्त केली, आणि त्याच वेळी विभागाच्या नावातून ‘हार्लेक्विन’ काढण्याचे मान्य केले. हा प्रतिसाद बारकाईने पाहिला तर संस्थेला आक्षेपाचा एकच भाग ऐकू आला होता हे जाणवते. तिला वाटले की तक्रार मुखवट्याविषयी आहे, म्हणून तिने मुखवटा बदलला. ऑथर सोल्यूशन्सशी केलेला करार, दरपत्रक आणि सशुल्क विभागाशी असलेले मालकीचे नाते कायम राहिले. नाव बदलणे पुरेसे नाही असे दोन संघटनांनी म्हटले, ते याचसाठी.

लबाडी कोणाशी

अनुभवी अमेरिकी लेखक नवोदितांना एक नियम सांगत असत. जेम्स मॅक्डोनल्ड या लेखकाच्या नावावर असलेला हा नियम असा: पैसा नेहमी लेखकाकडे वाहतो. तो उलट वाहू लागला तर सावध व्हावे. होरायझन्सच्या बाजूने असे म्हणता येईल की, दर उघड होते, कोणावर सक्ती नव्हती, आणि स्वखर्चाने पुस्तक काढणाऱ्याला ते हक्काने काढता यावे. हे तिन्ही मुद्दे खरे आहेत. पुढील दोन-तीन वर्षांत ॲमँडा हॉकिंगसारख्या लेखिकांनी स्वतः ई-पुस्तके काढून मोठे यश मिळवले, तेव्हा स्वप्रकाशनाकडे नाक मुरडणाऱ्या संघटनांचा सूर जुना वाटू लागला, हेही मान्य केले पाहिजे. परंतु हॉकिंगच्या व्यवहारात वाचक पैसे देत होता. होरायझन्समध्ये वाचक येण्याआधीच गिऱ्हाईक मिळालेले होते, आणि ते गिऱ्हाईक म्हणजे लेखिका. पुस्तक एक प्रतही न खपता संस्थेचा व्यवहार पूर्ण होत होता.

इथे मार्तिनेल्लीचे कोऱ्या पानांचे पुस्तक पुन्हा आठवते. त्यात रिकामी पाने खपवणारा दुबळा होता आणि सोन्याची साखळी द्यायची होती ती राजाने. होरायझन्समध्ये पाने भरलेली होती, कदाचित दोन-तीन वर्षे पहाटे उठून भरलेली, आणि तरीही पैसे मागितले जात होते ते ती भरणाऱ्या बाईकडून. टोपी घालण्याला लोकपरंपरेत मान आहे, पण ती कोणाच्या डोक्यावर घातली जाते यावर तो मान अवलंबून असतो. नोकर मालकाला बनवतो तेव्हा प्रेक्षक त्याचा साथीदार होतो. मालक नोकराला बनवू लागला की त्याच क्लृप्तीला प्रेक्षक फसवणूक म्हणतो. नकारपत्रातला तो उल्लेख म्हणूनच इतका झोंबला. आशा दाखवणे आणि आशा विकणे यांतील अंतर त्या एका परिच्छेदाने पुसले होते. शिवाय ‘आमची नजर राहील’ हे आश्वासन इतके सैल होते की त्याला करार म्हणता येत नव्हते आणि ते कानाआडही करता येत नव्हते.

नव्या नावाने तर पंचाईत वाढवली. ‘देल आर्ते’ म्हणजे इथे ललितकलेची नव्हे. ‘आर्ते’ या जुन्या इटालियन शब्दाचा अर्थ धंदा, कसब, व्यावसायिकांची जात असा आहे. हौशी दरबारी नाटकांपासून वेगळी ओळखू यावी म्हणून पोटासाठी नाटक करणाऱ्यांच्या रंगभूमीला हे नाव चिकटले. अशा मंडळीचा ज्ञात असलेला सर्वांत जुना करार २५ फेब्रुवारी १५४५ रोजी पादुआ येथे नोटरीसमोर झाला. आठ माणसांनी एकत्र फिरून नाटके करायची, मिळकत सामाईक पेटीत ठेवायची, सामान वाहायला मिळून एक घोडा घ्यायचा, कोणी आजारी पडला तर त्याचा खर्च त्याच पेटीतून करायचा, असे त्यात लिहिले आहे. पेटीला तीन किल्ल्या असतील आणि त्या तीन वेगवेगळ्या सभासदांकडे राहतील, असेही कलम होते. इतकी काळजी घेतली जाते ती कोणाचा तरी हात पेटीत जाईल ही भीती असते म्हणून. ठकांच्या भूमिका करून पोट भरणाऱ्यांना हे कोणी शिकवावे लागले नसेल. त्या परंपरेचे नाव, जिथे लेखक पैसे घेत नाही तर देतो अशा विभागाला देणे, ही निवड जाणूनबुजून केली असेल तर धाडसी म्हणावी लागेल, आणि न कळत केली असेल तर त्या शब्दकोड्यातला शेवटचा विनोद आर्लेकीनोचाच.

नंतरचे हिशेब

हार्लेक्विनच्या लेखिकांनी पेटीच्या किल्लीचा प्रश्न पुढे न्यायालयातच विचारला. २०१२ मध्ये तीन लेखिकांनी न्यूयॉर्कमध्ये दावा लावला. त्यांच्या जुन्या करारांनुसार ई-पुस्तकांसारख्या हक्कांच्या निव्वळ मिळकतीचा निम्मा भाग लेखिकेला मिळायचा होता. पण करारावर प्रकाशक म्हणून नाव होते संस्थेच्या स्वित्झर्लंडमधील कंपनीचे. त्या कंपनीने ई-पुस्तकाचे हक्क आपल्याच कुळातल्या दुसऱ्या कंपनीला छापील किमतीच्या सहा ते आठ टक्के दराने दिले, आणि लेखिकेला त्या सहा-आठ टक्क्यांतला निम्मा, म्हणजे तीन-चार टक्के, वाटा मिळाला, असे दाव्यात म्हटले होते. इटालियन नाटककार गोल्डोनीच्या अठराव्या शतकातील प्रसिद्ध नाटकात एकच नोकर दोन मालकांची चाकरी करून दोन्हीकडे जेवतो. इथे एकाच मालकाने दोन मुखवटे चढवून आपणच आपल्याशी भाव ठरवला होता. खालच्या न्यायालयाने दावा फेटाळला, २०१४ मध्ये अपील न्यायालयाने त्यातला एक मुद्दा पुन्हा जिवंत केला, आणि २०१६ मध्ये सुमारे ४१ लाख डॉलरवर तडजोड झाली. दरम्यान २०१४ मध्येच टोरस्टार या कॅनडातील मालक कंपनीने ४५.५ कोटी कॅनेडियन डॉलर घेऊन हार्लेक्विन न्यूज कॉर्पला विकली होती, आणि ती त्याच कंपनीच्या हार्परकॉलिन्स या प्रकाशनसंस्थेचा भाग झाली होती.

ऑथर सोल्यूशन्सची वाटचाल वेगळी झाली. हार्लेक्विनला जे नाव काढून घ्यावे लागले त्याहून मोठी नावे तिला पुढे मिळाली. जुलै २०१२ मध्ये पेंग्विनच्या मालकांनी ती ११.६ कोटी डॉलरना विकत घेतली, आणि २०१३ मध्ये पेंग्विनच्या सहकार्याने ‘पार्ट्रिज’ हा सशुल्क विभाग भारतात सुरू झाला. पेंग्विनच्या जोडीला तित्तिर पक्षी निवडण्यातली सूचना सरळ होती. इंग्रजीत लिहिणाऱ्या भारतीय नवोदितांसमोर, त्यात पुण्या-मुंबईचेही आले, तेच दरपत्रक रुपयांत आले. त्याविरुद्ध इथे संघटित आवाज उठला नाही, आणि त्याचे कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. आपल्याकडे पुस्तकाच्या ठरावीक प्रती लेखकाने स्वतः विकत घ्याव्यात किंवा छपाईचा काही भार उचलावा, ही रीत इतकी अंगवळणी पडली आहे की तिला सशुल्क प्रकाशन म्हणण्याचेही कोणाला सुचत नाही. माझ्या ओळखीच्या एका कवीच्या घरी पलंगाखाली त्यांच्याच संग्रहाचे तीन गठ्ठे आहेत, सुतळीही न सोडलेले. पाहुण्याला प्रत देताना ते वरच्या गठ्ठ्यात बोटे घालून एक ओढून काढतात, आणि आतल्या पानावर प्रकाशकाचे नाव दाखवून म्हणतात, ‘नाव मोठं आहे हं.’